पुढे पाठवण्याआधी एक ईसीजी

मूत्रपिंडे अचानक बंद पडलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी एका दिवसात एक शब्द रुळतो: क्रिएटिनिन. काल तीन होते, आज पाच झाले, डॉक्टर म्हणतात डायलिसिस लागेल. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर आणि गावाकडे लावलेल्या फोनवर तोच आकडा फिरत असतो. तो महत्त्वाचा आहेच, कारण मूत्रपिंडांचे काम किती घटले हे त्यावरून कळते. पण निव्वळ क्रिएटिनिन वाढले म्हणून कोणी त्याच रात्री मरत नाही. त्या रात्री जीव जातो तो बहुधा पोटॅशियममुळे, किंवा फुप्फुसांत साचलेल्या पाण्यामुळे. आणि पोटॅशियम किती आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. ग्रामीण भागात तर ते विचारून उत्तर मिळण्याची सोयही अनेकदा नसते.

ही सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास असली पाहिजे. मूत्रपिंडे निकामी होत असल्याची शंका असलेला एकही रुग्ण ईसीजी काढल्याशिवाय आणि पोटॅशियम तपासल्याशिवाय रुग्णवाहिकेत चढवला जाऊ नये. ही मागणी फार मोठी नाही, फार खर्चिकही नाही.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. शरीरातला कचरा बाहेर टाकणे हे त्यांचे सर्वांना ठाऊक असलेले काम. त्याहून नाजूक काम म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट आणि आम्ल यांचे रक्तातले प्रमाण अरुंद मर्यादेत राखणे. पोटॅशियमची मर्यादा आहे लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण साडेतीन हजार मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम असते. त्यातले ९८ टक्के पेशींच्या आत, बहुतांश स्नायूंमध्ये. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात उरते ते जेमतेम साठ-सत्तर मिलिमोल. आत भरपूर आणि बाहेर नाममात्र, या तफावतीवर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची वीज चालते. मूत्रपिंडे थांबली की अन्नातून येणाऱ्या पोटॅशियमची बाहेर पडण्याची मुख्य वाट बंद होते. रक्तात आम्ल साचले, सापाच्या विषाने रक्तपेशी फुटल्या किंवा ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडले, तर पेशींच्या आतला साठाही बाहेर येऊ लागतो. आकडा साडेसहाच्या पुढे गेला की हृदय केव्हाही बेताल होऊ शकते.

लक्षणे फसवी असतात. पायांत ताकद वाटत नाही, हातापायांना मुंग्या येतात, मळमळते, छातीत धडधडते. अशक्तपणा म्हणून सोडून द्यावे अशीच ही सगळी तक्रार. पुष्कळदा तर काहीच जाणवत नाही. संध्याकाळी घरच्यांशी नीट बोललेला माणूस पहाटे गेला, असे अशा रुग्णांबाबत ऐकू येते ते यामुळेच.

ईसीजीच्या कागदावर मात्र खुणा उमटतात. आधी टी लहर उंच आणि टोकदार होते, मग पी लहर सपाट होत नाहीशी होते, क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी सगळे मिसळून एकच लाट उरते. त्यानंतर हृदय थांबते. हा कागद काढायला पाच मिनिटे पुरतात. ईसीजी साधा दिसला म्हणून पोटॅशियम ठीकच असेल असे नाही, म्हणून रक्ताची तपासणी हवीच. पण खुणा दिसल्या तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. शिरेतून दिलेले कॅल्शियम ग्लुकोनेट काही मिनिटांत हृदयाला संरक्षण देते. ते पोटॅशियम कमी करत नाही आणि त्याचा परिणाम अर्धा-एक तासच टिकतो, म्हणून त्यापाठोपाठ इन्सुलिन आणि ग्लुकोज देतात. त्याने पोटॅशियम पुन्हा पेशींच्या आत ढकलले जाते. जोडीला दम्याच्या रुग्णांना देतात तेच साल्ब्युटामोल, नेब्युलायझरमधून, जास्त मात्रेत. या औषधांत दुर्मीळ किंवा महाग असे एकही नाही. इन्सुलिनचा परिणाम पंधरा-वीस मिनिटांत सुरू होतो आणि साधारण चार ते सहा तास टिकतो.

चार ते सहा तास. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे १८० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्कच तुटतो, आणि सर्पदंशाचा हंगामही तोच. कोकणात भातलावणीच्या दिवसांत एखाद्याला पान लागते, साप फुरसे किंवा घोणस निघतो, आणि घाटरस्त्याने मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत निम्मा दिवस जातो. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडांना थेट इजा होते. प्रतिविष वेळेवर देणे हा खरा उपचार, त्याला पर्याय नाही. पण प्रतिविष दिल्यानंतरही ज्याची लघवी थांबली आहे, त्याचे हृदय प्रवासभर चालत राहील याची तजवीज कोणी करायची? स्वस्त औषधांनी मिळणारे तास आणि रस्त्यावर जाणारे तास जवळजवळ सारखेच आहेत. या एका जुळणीवर सरकारी आरोग्य यंत्रणेने विचार केला, तरी पुष्कळ जीव वाचतील.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज मिलियन डेथ स्टडीच्या आधारे मांडला गेला आहे. सर्पदंशमृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठते का ते पाहायचे, ही साधी चाचणी सर्पदंशाच्या उपचारात आता सर्वमान्य आहे. ती सर्वमान्य झाली कारण ती लिहून दिली गेली, शिकवली गेली. लघवी कमी झालेल्या रुग्णाचा ईसीजी तसाच लिहून देता येईल, शिकवता येईल.

चिरडलेल्या स्नायूंमुळे उद्भवणाऱ्या या धोक्याची जगाला ओळख पटली ती लंडनमध्ये. १९४०-४१ च्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारतींखालून लोक जिवंत बाहेर काढले जात. सुरुवातीला त्यांची प्रकृती बरी दिसे. मग चिरडलेला पाय सुजे, रक्तदाब उतरे, लघवी गडद होऊन कमी कमी होत जाई, आणि आठवड्याभरात मृत्यू येई. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांचे वर्णन मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. चिरडलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडे निकामी करते आणि त्याच स्नायूंतले पोटॅशियम हृदयावर घाव घालते, हे चित्र पुढच्या काळात स्पष्ट होत गेले. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या टायर शहरात इमारत कोसळली तेव्हा इस्रायली डॉक्टरांनी अडकलेल्यांना ढिगाऱ्याखाली असतानाच सलाईन सुरू केले. गंभीररीत्या चिरडलेल्या सात जणांपैकी एकाचेही मूत्रपिंड निकामी झाले नाही. त्याउलट १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मारा भूकंपानंतर ६३९ जखमींना मूत्रपिंडांचा त्रास झाल्याची नोंद आहे आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले.

महाराष्ट्राला हे परके नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळली, पुढच्याच महिन्यात भिवंडीत. महाडच्या ढिगाऱ्यातून एक चार वर्षांचा मुलगा अठराहून अधिक तासांनी आणि एक महिला त्यानंतर कित्येक तासांनी जिवंत निघाली, तेव्हा साऱ्या राज्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बचाव पथकांचे ते यश खरेच मोठे होते. पण स्लॅब उचलला जातो आणि दबलेल्या पायात रक्त पुन्हा वाहू लागते, त्या क्षणी साठलेले पोटॅशियम हृदयाकडे निघते. सलाईन, तेही पोटॅशियम नसलेले, स्लॅब उचलण्याआधी सुरू व्हायला हवे. पडझडीच्या ठिकाणी जेसीबीइतकीच निकड सलाईन लावू शकणाऱ्या हातांची आणि ईसीजी मॉनिटरची असते.

डायलिसिसचा इतिहासही याच मुद्द्याकडे बोट दाखवतो. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात, जर्मन फौजांनी देश व्यापलेला असताना, विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून त्यांनी ते बनवले होते. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेतून शुद्धीवर आली आणि पुढे तिची स्वतःची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. यंत्राने तिला सांभाळले ते मधले दिवस. अचानक निकामी झालेली मूत्रपिंडे पुष्कळदा एक ते तीन आठवड्यांत सावरतात, त्यांच्या सूक्ष्म नलिकांतल्या पेशी नव्याने वाढतात. तोवर माणूस जिवंत ठेवायचा, एवढ्यासाठीच हे यंत्र जन्माला आले. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम मुख्यतः कायमची मूत्रपिंडे गेलेल्या, आठवड्याला दोन-तीनदा ठरलेल्या वेळी येणाऱ्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. त्या रुग्णांना तो मोठा आधार आहे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र रात्री दोन वाजता आलेल्या, दोन आठवड्यांत पूर्ण बरे होऊ शकणाऱ्या शेतमजुराला त्या वेळापत्रकात जागा कुठे आहे? पूर्ण बरा होणारा माणूस केवळ मधल्या काही तासांत गमवायचा, यासारखे दुःख वैद्यकात थोडेच असेल.

कोणी म्हणेल, तपासणी कशाला, अंदाजाने उपचार करता येतील. येत नाहीत. मुंबईकरांना ठाऊक असलेला लेप्टोस्पायरोसिस हे त्याचे उत्तम उदाहरण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पुराच्या पाण्यातून चाललेल्या कितीतरी लोकांना लेप्टोने गाठले. या आजारात मूत्रपिंडे बिघडतात, क्रिएटिनिन चढते, पण लघवी अनेकदा सुरूच राहते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते, कारण जिवाणू नलिकांच्या ज्या भागाला इजा करतात तिथे क्षार धरून ठेवले जात नाहीत. म्हणजे एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर मूत्रपिंडे बिघडलेले दोन रुग्ण, एकाचे पोटॅशियम सात आणि दुसऱ्याचे अडीच. एकाचा उपचार दुसऱ्याला दिला तर जीव जाईल. अंदाज इथे कामाचा नाही.

आकडा मिळतो तोही जागेवरच मिळायला हवा. रक्ताची नळी दुचाकीवरून किंवा एसटीने तालुक्याच्या लॅबमध्ये जाते, दोन-चार तास पडून राहते, वाटेत हिंदकळते. तेवढ्यात रक्तपेशी फुटून आतले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात भयंकर आकडा छापून येतो, जो रुग्णाच्या शरीरात नव्हताच. काही मिनिटांत सोडियम-पोटॅशियम सांगणारी छोटी यंत्रे आता उपलब्ध आहेत. त्यांच्या कार्ट्रिजचा पुरवठा, साठवणुकीचे तापमान आणि देखभाल हा कंटाळवाणा वाटणारा भागच निर्णायक ठरतो. यंत्र खरेदी करून त्याचे उद्घाटन करणे सोपे, तिसऱ्या वर्षी ते चालू असणे अवघड.

सोडियमची गोष्ट वेगळी. लघवी होत नसताना पाणी आणि सलाईन जात राहिले की रक्त पातळ होते, सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. म्हातारी माणसे असंबद्ध बोलू लागतात, दिवस-रात्रीचे भान राहत नाही, झटके येतात. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रम झाला. सोडियम कमी आहे म्हणून घाईने वर चढवले तरी मेंदूच्या मध्यभागातल्या चेतातंतूंना कायमची इजा होऊ शकते, म्हणून जुनाट किंवा किती दिवसांचे ते माहीत नसलेल्या कमतरतेत २४ तासांत आठ-दहा मिलिमोलपेक्षा जास्त चढू द्यायचे नाही असा दंडक आहे. इथेही दर काही तासांनी तपासणी लागते. फॉस्फेट वाढते, कॅल्शियम उतरते, बोटे वाकडी होऊन आखडतात. आम्ल साचले की रुग्ण खोल, भराभर श्वास घेतो आणि तो दमा किंवा न्यूमोनिया समजला जातो.

या साऱ्याच्या आधी येणारी खूण मात्र कोणत्याही यंत्राशिवाय दिसते: लघवी. प्रौढ माणसाला २४ तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल तर तो धोक्याचा इशारा आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुले खोकल्याचे सिरप घेतल्यानंतर आजारी पडली, तेव्हा आईबापांच्या लक्षात आलेली पहिली ठळक गोष्ट हीच होती की मुलाला लघवी होत नाही. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. अनेक मुलांना नागपूरला आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले गेली. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या पोटात गेले होते. चौदा जण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदी आणि तपासणीची यंत्रणा उघडी पाडली. चाळीस वर्षांच्या अंतराने तेच विष, त्याच मूत्रपिंडांवर. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. पण लघवी थांबल्याचे आई सांगते तेव्हा पहिल्या डॉक्टरने तिच्यावर विश्वास ठेवावा आणि त्याच तासाला तपासणी व्हावी, हे तर आजही करता येते.

घराघरात करण्यासारखेही काही आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि जोडीला लघवीची गोळी घेणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात प्रचंड आहे. अशा माणसाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, अंगदुखीसाठी त्याने मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणून घेतली, तर तीन औषधे मिळून मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तोडतात. त्या दिवशी बीपीच्या गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारले पाहिजे, आणि दुखण्याची गोळी टाळली पाहिजे. ओआरएस मात्र लगेच सुरू करावे. १९७१ च्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्याच्या बळावर पटकीच्या रुग्णांचे मृत्यू रोखले ते हेच पाणी, आणि वेळेवर पाजले तर मूत्रपिंडांवर वेळ येत नाही. लघवी बंद झाल्यावर चित्र उलटे होते. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत मायेची आहे. पण पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मूत्रपिंडांच्या रुग्णासाठी ते, केळी, फळांचे रस आणि कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये.

टाळता येणारा एकही मृत्यू मूत्रपिंडांच्या तीव्र इजेने २०२५ पर्यंत होऊ नये, असे ध्येय मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये ठेवले होते. ते वर्ष उलटून गेले. महाराष्ट्राला ते ध्येय आपल्यापुरते पुढे नेता येईल. राज्यात १०८ च्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावत आहेत, सोबत डॉक्टर असतो, मोठ्या गाड्यांत मॉनिटरही असतो. हवा आहे तो एका पानाचा लेखी शिरस्ता. लघवी किती तासांत किती झाली, ईसीजी कसा आहे, पोटॅशियम किती, काय दिले, किती वाजता दिले, आणि ज्या रुग्णालयात पाठवतो तिथे डायलिसिसची जागा आहे का हे फोनवर विचारले का. तरुण वैद्यकीय अधिकारी इन्सुलिन द्यायला कचरतात, कारण साखर एकदम उतरू शकते आणि वाटेत काही झाले तर जमाव त्यांनाच धरतो. ही भीती खरी आहे आणि तिला नावे ठेवून ती जाणार नाही. पुढचे सहा तास दर तासाला बोटातून साखर तपासायची, हेही त्याच पानावर लिहिलेले असेल आणि त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाची सही असेल, तर त्या डॉक्टरच्या पाठीशी यंत्रणा उभी आहे असे त्याला वाटेल.

वाचलेल्या रुग्णाकडेही तितकेच लक्ष हवे. मूत्रपिंडे सावरू लागतात तेव्हा काही दिवस भरमसाट लघवी होते, त्यातून पोटॅशियम आणि सोडियम वाहून जाते, आणि जे काल जास्त होते ते आज धोकादायकरीत्या कमी होते. घरचे आनंदात असतात, डिस्चार्ज लवकर मागतात. काहींची मूत्रपिंडे, विशेषतः घोणसीच्या दंशानंतर, पूर्ण सावरत नाहीत, आणि ते वर्षभराने दमलेल्या, सुजलेल्या अवस्थेत कळते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमच्या पुढच्या तपासणीची तारीख, ती जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात होईल त्याचे नाव, आणि कोणत्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत त्यांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी.